हरकतरावांचं ‘चालेल’

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत ‘हरकतराव’ हे नाव मीच पाडलं. त्यांचं खरं नाव फक्त पगारापुरतं उरलं होतं. माझ्या प्रत्येक वाक्याला त्यांची हरकत असायची, आणि तीही सकाळचा चहा निवायच्या आत. आमची वाटणी ठरलेली होती. इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ त्यांनी लिहायचा, तो वापरायचा कसा हे दाखवणारं वाक्य मी लिहायचं. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. त्याने ‘चालेल’ म्हटल्याशिवाय शब्द छापायला जायचा नाही. शिवाय वाक्य मनाने रचलेलं नको, आपण पाहिलेलं किंवा ऐकलेलं हवं, हा हरकतरावांचा हट्ट. त्यापायी माझा मोडलेला दात आणि त्यांच्या सासूबाईंची छत्री शब्दकोशात कायमची जाऊन बसली आहेत.

आता नवी आवृत्ती निघते आहे. हरकतराव विसरायला लागले तेव्हा मुलाने त्यांना आपल्या घरी नेलं. कचेरीतली नवी मंडळी गुणी आहेत, पण कानात गाणी ऐकायची बोंडं घालून बसतात. मी वाक्य मोठ्याने वाचते, कुणी मान वर करत नाही. मग माझी मीच ‘चालेल’ म्हणते. असे पुष्कळ शब्द रेटले, आणि ‘सिरेनिटी’पाशी अडले.

या शब्दावर मागच्या आवृत्तीत आमचं चांगलंच वाजलं होतं. त्यांनी अर्थ लिहिला ‘शांतता’.

“शांतता बंद दुकानातही असते,” मी म्हटलं. “आई चिडली की घरात शांतताच असते. तिला कुणी सिरेनिटी म्हणेल का?”

“मग निवांतपणा लिहू.”

“तो काम संपल्यावर येतो. स्वस्थता ताप उतरल्यावर येते. इंग्रज लोक हा शब्द आभाळाला लावतात, तळ्याला लावतात, एखाद्या चेहऱ्याला लावतात. आत काही ढवळत नाही, आणि बघणाऱ्याला ते कळतं. प्रसन्न शांती म्हणा.”

“बाई, हा अर्थ झाला नाही, निबंध झाला. असा चेहरा पाहिलाय तुम्ही? पाहिला असेल तर द्या वाक्य.”

मी पाहिला नव्हता. शब्द एकट्या ‘शांतता’वर छापला गेला, वाक्याविना. तो तसाच पुन्हा जाऊ द्यायला मन घेईना, म्हणून एक वाक्य रचलं आणि दुपारची बस पकडून त्यांच्याकडे गेले. खरं सांगायचं तर मला ‘चालेल’ नकोच होतं. त्यांनी माझं वाक्य फाडून काढावं, एवढीच इच्छा होती. किती महिन्यांत माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं.

दार सुनेने उघडलं. “या ना, मावशी. बाबा आता अगदी शांत असतात हो. कसला म्हणून त्रास नाही.”

ते खिडकीशी बसून रुमालांच्या घड्या घालत होते. घातलेली घडी मोडायची आणि पुन्हा घालायची.

“ओळखलंत का?”

“हो तर,” ते म्हणाले. दारात दूधवाला आला असता तरी असंच म्हणाले असते.

मी कागद काढला. “सिरेनिटी. प्रसन्न शांती. ‘पहाटे तळ्यावर प्रसन्न शांती पसरली होती.’”

“चालेल.”

“अहो, मी जन्मात कधी पहाटे तळ्यावर गेलेले नाही! कुठलं तळं, ते तरी विचारा.”

“छान असेल.”

माझा धीर सुटला. “बरं, हे ऐका. सिरेनिटी म्हणजे गोंगाट. आरडाओरडा. डोकं उठवणारा.”

“चालेल,” ते म्हणाले, आणि हसले.

“बघा,” सून कौतुकाने म्हणाली, “कशालाच नाही म्हणत नाहीत.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावरची ती आठी, जिच्या भीतीने मी वाक्यं चारचारदा खोडली, पार पुसून गेली होती. मागे काही राहिलं नव्हतं, पुढचं काही खुपत नव्हतं. इतका सुंदर दिसणारा हरकतराव मी कधी पाहिला नव्हता. आणि मला त्यांचा भयंकर राग आला. भांडण अर्धवट टाकून माणसाने असं एकट्यानेच सुटावं? जाताना म्हटलं, “येते.” त्यांनी एक घडी केलेला रुमाल माझ्या हातात दिला. सुनेने तो हळूच परत घेतला.

बसमध्ये मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं.

कचेरीत परतल्यावर तळ्याचं वाक्य खोडलं आणि दुसरं लिहिलं: ‘मी कोण, हे त्यांना आठवत नव्हतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रसन्न शांती होती.’

नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं. पलीकडे कळफलकांवर बोटं चालूच राहिली. वाक्य रचलेलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं. शब्द बरोबर जागी बसला होता. हरकत घ्यायला कुठेच जागा नव्हती. दिवे लागेपर्यंत मी ती शोधत बसले.