एमेट लॉडर ऐकत होते

मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला एमेट लॉडर यांच्या घशात पीचची फोड अडकली. खोलीत दुसरं एकच माणूस होतं, त्यांना भरवायला बसलेली कॉरिन वास्को. तिने भिंतीवरचं बटण दाबलं, म्हाताऱ्याला मागून कवेत धरलं आणि पोटावर वरच्या दिशेने झटके दिले. फोड बाहेर आली, पण तोवर ओठ जांभळे पडले होते आणि त्यांनी मान टाकली होती. रुग्णवाहिकेतल्या लोकांनी नाडी परत आणली, तोंडात नळी घातली आणि त्यांना नदीपलीकडच्या हॉस्पिटलात नेलं.

एवढं सगळं कॉरिनने चौकशीत सांगितलं. फोड अडकली तेव्हा आपण त्यांच्याकडे बघत नव्हतो, हे तेवढं सांगितलं नाही.

कॉरिनने आदल्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज केले होते आणि झाडून सगळीकडून नकार आले होते. गुण उत्तम होते. प्रयोगशाळेत उंदरांच्या यकृतांवर काम केलेलं होतं. एका प्रवेश समितीतल्या बाईंनी मेहेरबानी करून फोनवर कारण सांगितलं. "तुमच्या अर्जात आजार पुष्कळ आहेत, आजारी माणूस एकही नाही. थोडं रुग्णांत राहून या, मग पुन्हा अर्ज करा."

म्हणून तिने मदतनिसाचा छोटा कोर्स केला, परवाना काढला आणि ओहायो नदीच्या काठावरच्या एका वृद्धांच्या होममध्ये नोकरी धरली. अंघोळी घालायच्या, डायपर बदलायचे, कुशी बदलून द्यायच्या, भरवायचं. आई म्हणाली, "केमिस्ट्रीची पदवी घेऊन लोकांची ढुंगणं धुतेस. छान."

काम शिकवलं रोशेल टिब्जने. ती तिथे अकरा वर्षं होती आणि पहिल्या दिवसापासून कॉरिनला डॉक्टरीणबाई म्हणायची. "डॉक्टरीणबाई, पेशंटला वळवायचं असतं, लोळवायचं नसतं." कधी चिडली की म्हणायची, "तुझे अर्जापुरते तास भरले की तू उडणार. आम्ही आहोतच इथे शेण काढायला." पण कॉरिनची पाठ धरली तर स्वतःची मलमाची ट्यूब आणून द्यायची.

एमेट लॉडर यांनी जन्मभर कोळशाच्या बोटी हाकल्या होत्या. पक्षाघातानंतर त्यांचं गिळणं अधू झालं. अन्न वाटून द्यायचं, पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करून. पलंगाच्या डोक्याशी पाटी होती: जेवताना बोलू नका, त्यांना बोलू देऊ नका. दिवसभर बोलणाऱ्या माणसाला ही शिक्षाच होती. नदीला पूर आला की पुलाखालून बोट कशी काढायची, हे कॉरिनने त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं की तिलाही ते जमलं असतं.

दुसऱ्यांदा अर्ज करताना तिने निबंध त्यांच्यावरच लिहिला. शेवटचं वाक्य होतं, 'एमेटनी मला माणसासमोर गप्प बसून त्याच्याकडे बघायला शिकवलं.'

त्या मंगळवारी दुपारी एका महाविद्यालयाचं मुलाखतीचं बोलावणं आलं. आजवरचं पहिलंच. तिला राहवलं नाही, तिने एमेटना सांगितलं.

"मग वाच की. काय लिहिलंयस माझ्याबद्दल?"

"जेवण झाल्यावर वाचते."

"जेवण झालं की मला झोप लागते, पोरी. आणि माझ्या वयात उद्याच्या गोष्टी करू नयेत. वाच."

तेवढ्यात रोशेल दोन ताटं घेऊन आली, एक ठेवून धावतच पुढे गेली. पलीकडच्या भागातली मदतनीस आली नव्हती, म्हणून रोशेल एकटीच दोन्हीकडे बघत होती. कॉरिनने वाडगा जवळ ओढला, पहिला चमचा त्यांच्या तोंडात दिला आणि दुसऱ्या हाताने फोन उघडला. वाडग्यात पीचच्या फोडी होत्या, वाटलेल्या नव्हत्या. ताट शेजारच्या खोलीतलं होतं.

ती वाचू लागली. पहिल्या परिच्छेदाला, बोटीवरच्या मांजराच्या गोष्टीला, ते नाकातून हसले. ती न बघता पुढचा चमचा देत वाचत राहिली. मग ते गप्प झाले. त्यांना भरून आलं असावं असं तिला वाटलं. म्हणून ती अजून सावकाश वाचू लागली. शेवटच्या वाक्याला तिचेच डोळे ओले झाले, आणि कसं वाटलं हे विचारायला तिने मान वर केली.

दुसऱ्या दिवशी मुख्य परिचारिका हॉलोवेबाईंनी तिला आत बोलावलं. कॉरिनच्या अर्जासोबतची शिफारस याच बाईंची होती.

"ताट रोशेलने ठेवलं?"

"हो."

"आणि त्रास दिसताक्षणी तू बटण दाबलंस." हा प्रश्न नव्हता.

"वाडगा मीही बघायला हवा होता."

"बघायला सगळ्यांनीच हवा होता," बाई म्हणाल्या. "पण डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीच्या नावाला हे नको चिकटायला. तू त्यांना वाचवलंस. तेवढंच धरून चाल."

रोशेलला दुपारी घरी पाठवलं. तिचा परवाना रद्द करावा म्हणून प्रकरण राज्याच्या परवाना मंडळाकडे गेलं. कॉरिन बाहेर आली तेव्हा रोशेल गाडीच्या डिकीत खोका ठेवत होती. खोक्यात चपला, कॉफीचा मग आणि एक पंखा.

"ताटं माझ्या हातून बदलली," रोशेल म्हणाली. "ते मी आत कबूल करून आले. पण मला एक सांग. पहिला चमचा तू भरलास. फोड दिसली नाही तुला?"

"खोलीत अंधार होता."

"ऑगस्टात? सव्वासहाला?"

रोशेलने डिकी आपटली. "बरं, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

पुढच्या आठवड्यात कॉरिन हॉस्पिटलात गेली. एमेटच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. डोळे उघडे होते. त्यांची मुलगी लॉरेटा उशाशी होती. तिने कॉरिनचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही त्यांच्यापाशी होतात म्हणून. एकटे असते तर संपलंच होतं. बाबा, बघा कोण आलंय."

एमेटनी पाहिलं. मग डावा हात गादीवरून हळूहळू सरकवला, आणि कॉरिनच्या खिशापाशी आणला. खिशात फोन होता.

"काय हवंय बाबांना?" लॉरेटाने विचारलं. "डॉक्टर म्हणतात मेंदूला किती मार बसलाय ते आत्ताच सांगता येत नाही. कधी ओळख दाखवतात, कधी नाही."

त्यांना राहिलेलं ऐकायचं होतं की लेकीला काही दाखवायचं होतं, कॉरिनला कळलं नाही. आपली कामाची पाळी आहे, असं सांगून ती निघाली. त्या दिवशी तिची पाळी नव्हती.

मुलाखत घरूनच, पडद्यावर झाली. समोर दोन डॉक्टर होते. आई स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज न करता बसली होती.

"तुमचा निबंध आम्हा दोघांनाही आवडला," त्यांतले वयस्क म्हणाले. "विशेषतः शेवट. एमेट आता कसे आहेत?"

"स्थिर आहेत," कॉरिन म्हणाली.

"छान. आता असा एखादा प्रसंग सांगा की जिथे तुम्ही चुकलात."

तिने तोंड उघडलं. पीच हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. मग तिने प्रयोगशाळेत दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाल्याची गोष्ट सांगितली, वरिष्ठांना आपण ती कशी लगेच कळवली तेही सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या.

"कशी झाली?" आईने विचारलं.

"चांगली झाली."

त्याच संध्याकाळी तिने रोशेलला फोन केला. रोशेल तेव्हा एका दुकानात फळ्यांवर माल लावायचं काम करत होती. मागे ढकलगाड्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

"तुझ्या सुनावणीला मी येऊ का?" कॉरिनने विचारलं.

"काय सांगायला?"

कॉरिनने खोलीचं दार लावून घेतलं.

"हे बघ, माझी मधली सुट्टी संपत आली. माझा स्वभाव किती चांगला, हे सांगायला येणार असलीस तर येऊ नकोस. तसलं सांगायला माझी बहीण आहे. दुसरं काही आहे का तुझ्याकडे? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"मग बोल."

पलीकडून कुणीतरी रोशेलला हाक मारली. ती फोन न ठेवताच त्या माणसाला काहीतरी म्हणाली, आणि तिने तो पुन्हा कानाला लावला.

सुनावणी येत्या सोमवारी सकाळी नऊला आहे. महाविद्यालयाचा निर्णय त्याच आठवड्यात यायचा आहे. एमेट लॉडर यांच्या गळ्यातली नळी अजून काढलेली नाही, आणि साक्षीदारांत कॉरिन वास्कोचं नाव शुक्रवार संध्याकाळपर्यंत आलेलं नव्हतं.