व्हर्डेलची खुर्ची

"बघा काका, आपल्या व्हर्डेलबाई," म्हणत प्रेंटिस गेन्सने माझ्या मांडीवर एक शर्ट टाकला. छातीवर माझ्या बायकोचं तोंड छापलेलं. हसरं. व्हर्डेल फोटोत कधी हसायची नाही; हे हसू यांनी कुठून पैदा केलं कोण जाणे.

ती वसंतात गेली. ती असताना हा गेन्स मेम्फिसमधल्या आमच्या गल्लीत कधी फिरकला नव्हता. आता त्याने तिच्या नावाने संस्था काढली होती. काळ्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना आधार द्यायला, म्हणे. मंगळवारी सकाळी उद्घाटन होतं.

"तुम्ही पहिल्या रांगेत. त्यांच्या सगळ्या मैत्रिणी स्टेजवर, त्यांच्या त्या मोठ्या हॅट घालून. महापौरांना फार आवडतं ते."

"मंगळवारी केंड्रेलला शाळेत बोलावलंय," मी म्हणालो. "डबा खाताना कोणाला तरी ढकललं म्हणून वर्षभर शाळेतून काढतायत. तिकडे कोण जाणार?"

"कोण केंड्रेल?"

केंड्रेल आजीबरोबर माझ्या शेजारच्या घरात राहतो. गेन्सची गाडी त्याच्याच दारात उभी होती.

व्हर्डेलचं काम साधं होतं. शाळा कुठल्या पोराला काढून टाकायला निघाली, की ती चर्चमधल्या पाच-सहा बायका गोळा करायची. रविवारचे कपडे, रविवारच्या हॅट. पोराच्या आईशेजारी ओळीने बसायच्या, बोलायच्या मात्र नाहीत. एवढ्या हॅट समोर असल्या की साहेबलोकांना पोराचं नाव तरी नीट घ्यावं लागतं, असं ती म्हणायची.

मंगळवारी शाळेत याल का, विचारायला मी लुरलीनला फोन केला. ती व्हर्डेलची सर्वांत जुनी मैत्रीण.

"लुशस भाऊ, टीव्हीवाले येतायत हो."

"केंड्रेललाही दाखवतील टीव्हीवर. बेड्या घातल्या की."

"व्हर्डेल होती तोवर तुमची जीभ आवरलेली होती," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मंगळवारी मी व्हर्डेलच्या जांभळ्या हॅटचा डबा घेऊन निघालो. केंड्रेलची आजी ओझेला डब्याकडे बघत म्हणाली, "भाऊ, तुम्ही घालणार की काय?"

"घातली असती. पोराला आजच्या आज काढतील."

शाळेच्या कचेरीत आमच्यासाठी चार खुर्च्या होत्या. चौथीवर मी हॅट ठेवली. उपमुख्याध्यापिका नवीन होत्या. त्यांच्याबरोबर आलेल्या माणसाला बसायला जागा नव्हती.

"ती हॅट जरा उचलता का?" बाई म्हणाल्या. "खुर्ची रिकामीच आहे ना."

मी काही बोलायच्या आत केंड्रेल उठला.

"सर, तुम्ही माझ्या खुर्चीवर बसा. ती रिकामी नाहीये, मॅडम. माझ्या भावाच्या वेळी व्हर्डेलबाई तिथेच बसल्या होत्या."

आणि तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. बाई कागद चाळत बोलू लागल्या. सुरुवातीला 'हा मुलगा' म्हणत होत्या, नंतर 'केंड्रेल' म्हणू लागल्या. वर्षाचे दोन आठवडे झाले.

परतताना बस संस्थेवरून गेली. स्टेजवर सहा हॅट ओळीने बसल्या होत्या आणि गेन्स माइकवर हात हलवत होता.

"उतरायचं का?" ओझेलाने विचारलं.

"कशाला?"

केंड्रेलचं बाहेर लक्ष नव्हतं. हॅटचा डबा त्याच्या मांडीवर होता. खड्डा आला की तो दोन्ही हातांनी झाकण दाबून धरायचा.