अजून ओलीच आहे

कुत्र्याच्या मानेवर नवे केस आले होते, ते पांढरे होते.

बाकी कुत्रा शेपटीच्या टोकापर्यंत काळा. फक्त मानेभोवती, जिथं साखळी कातडीत रुतून बसली होती तिथं, बोटभर रुंदीचं पांढरं कडं उगवलं होतं. धाकटीनं ते आधी उन्हाच्या तिरिपेत नीट पाहिलं, मग अंगठ्यानं केस उलटे सारून पाहिले. खाली कातडी गुलाबी आणि कोरडी. खपली कुठंही नाही. केस मुळाशी घट्ट. एवढे केस काही रातोरात येत नाहीत. जखम भरली होती, आणि भरूनही बरेच दिवस झाले होते.

मग तिनं फळीवरची औषधाची बाटली काढली, कापसाचा बोळा जांभळा करून घेतला आणि त्या पांढऱ्या कड्यावरून गोल फिरवला. कुत्रा गुमान उभा राहिला. त्याला सवय झाली होती. औषध केसांवर चकाकलं, चार पावलांवरून बघितलं तर जखम ओली वाटावी इतकं. तिला तेवढंच हवं होतं.

कुत्रा थोरल्याचा. थोरला म्हणजे तिचा दीर. त्याच्या विहिरीवर मोटारीची खोली आहे, तिच्या दाराशी हा बांधलेला असे. पिल्लू असताना गळ्यात साखळी अडकवली ती अडकवलीच. कुत्रा वाढला, साखळी काही वाढली नाही. थोरल्यानं त्याला कधी मारलं नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. रोज लांबूनच ताटली सरकवायची आणि मोटार चालू करायची. त्या काळ्या दाट केसांखाली काय चाललंय ते त्यानं वाकून बघितलं नाही, इतकंच. वास यायला लागला तेव्हा त्याला वाटलं, विहिरीत काही पडलं असेल. माणूस विहिरीत गळ टाकून बसला आणि कुत्रा शेजारी सडत होता.

धाकटीच्या रोपांच्या शेडमध्ये अशी जनावरं आधीपासून यायची. कुणी रस्त्यावर टाकलेलं, कुणी खरजेनं गळून गेलेलं. तिनं ते कधी ठरवून केलं नव्हतं. एकाला बरं केलं, ते शाळेच्या शिपायानं नेलं, आणि मग लोकांना वाटच सापडली. आत्ताही मागच्या कोपऱ्यात गोणपाटावर एक खरजेली कुत्री होती. ती आली तेव्हा तिच्या बरगड्या पावसात भिजलेल्या गोणीतल्या काटक्यांसारख्या दिसत. आल्या आल्या तिला पोटभर घालायला निघालेल्या नवऱ्याला धाकटीनं अडवलं होतं. उपाशी पोटाला एकदम भरलं तर ते फाटतं, मूठमूठ मऊ भात द्यायचा, पुन्हा पुन्हा द्यायचा. सगळ्या कुत्र्यांचं नाव एकच, पाहुणा. कुत्री असली तरी पाहुणाच. बरे झाले की जायचे, मग नावं कशाला वाढवायची.

रोपं न्यायला येणाऱ्यांना ही आयती करमणूक होती. ट्रॅक्टरवाला तर शेडच्या दारातूनच विचारायचा, वहिनी, दवाखान्यात खाट रिकामी आहे का, सासऱ्याला आणून सोडतो म्हणतो, तोही बरा झाला की कुणीतरी घेऊन जाईल. धाकटी म्हणायची, आणा, पण तुमचे सासरे जेवल्यावर शेपूट हलवतात का ते आधी सांगा. ट्रॅक्टरवाला हसत हसत रोपांचे ट्रे भरायचा आणि वाटेत थोरल्याच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबायचा. तिथं काय बोलायचा ते तिला ठाऊक नव्हतं. पण अंदाज होता.

कारण थोरला विचारायला लागला होता.

जनावरांच्या डॉक्टरनं साखळी कापून काढली आणि कुत्रा धाकटीच्या शेडमध्ये ठेवला, त्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, जखम सुकेपर्यंत या मानेला काही लावायचं नाही. थोरला मान खाली घालून म्हणाला होता, बरं, सुकली की नेऊन बांधू. तेव्हा कुणी त्या शब्दाकडे लक्ष दिलं नाही. कुत्रा जगेल की नाही हाच प्रश्न होता. पण कुत्रा जगला, अंग धरलं, शेडच्या दारात उभा राहून परक्या माणसावर छातीतून भुंकायला लागला. त्याच सुमारास शिवारात मोटारींच्या केबली चोरीला जायला लागल्या. थोरल्याला कुत्रा आठवला.

पहिल्यांदा त्यानं निरोप पाठवला, जखम सुकली का. धाकटीनं उलट निरोप दिला, अजून ओलीच आहे. ते तेव्हा खरं होतं. पुढच्या वेळी अर्धं खरं होतं. त्यानंतरचं सगळं बाटलीतलं.

आणि पाणी थोरल्याच्या हातात.

सासऱ्यानं जमीन वाटली तेव्हा विहीर थोरल्याच्या वाट्याला गेली आणि धाकट्याला पाण्याचा शब्द मिळाला. दोन शेतं ओलांडून नळी येते, तिचं पाणी सोडायचं चाक मोटारीच्या खोलीत. ज्याच्या हाती चाक त्याचा मळा. इतकी वर्षं ते चाक सकाळी न सांगता फिरायचं. आता धाकटीच्या लक्षात आलं होतं की ‘ओलीच आहे’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी पाणी उशिरा येतं. आधी वाटलं वीज गेली असेल. मग तिनं वीज बघितली. वीज होती.

ट्रेमधली रोपं बोटाएवढी. त्यांच्या मुळाशी मुठीत मावेल एवढीही माती नाही. ओली असते तेव्हा ती काळपट दिसते, सुकायला लागली की कडेनं तांबूस होत मधे सरकते. हा रंग सरकताना धाकटी बघत बसायची. पानांनी माना टाकल्या की हौदातलं उरलंसुरलं झारीनं शिंपायचं. पण झारीनं किती दिवस भागणार. बाहेर ऊन असं की ढेकूळ उचललं तर हातात पीठ. रोपं गेली की हंगाम गेला, आणि या घरात रोपांवाचून दुसरं काही नव्हतं.

जखम ओली म्हणावी तर ट्रे सुकतात. ट्रे ओले ठेवायचे तर जखम सुकली म्हणावं लागतं.

नवऱ्यानं हे तिच्याआधी ओळखलं होतं. तो भावासमोर कधी तोंड उघडत नसे. लहानपणी थोरल्यानंच त्याला खांद्यावर घेऊन वाढवला होता, ते ओझं अजून उतरलं नव्हतं. तो ट्रे उचलता उचलता हळूच म्हणाला, देऊन टाकू, दादा आता काळजी घेईल, पाण्यात राहून माशाशी वैर नको. धाकटी म्हणाली, आपण पाण्यात कुठं आहोत, आपण नळीच्या तोंडाशी बसलोय. तो पुढचा ट्रे उचलायला वळला. देणार नाही, असं तिनं मनात कितीदा म्हटलं होतं, पण ते ओठांवर आलं की डोळ्यांपुढे ती तांबूस कड सरकायची. मग ती बाटली काढायची.

घरात तिसरी होती म्हातारी, तिची सासू. दोन्ही लेकांकडे आलटून पालटून राही आणि ज्याच्याकडे असेल त्याची उणी दुसऱ्याकडे पोचती करी. डोळ्यांनी आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. शेडच्या दारात खाट टाकून ती दिवसभर बसे आणि कुत्र्यांचा उद्धार करी. या घरात माणसाला ताप आला तर कपाळावर हात ठेवायला कुणाला सवड नाही आणि कुत्र्याची दोन वेळा रंगरंगोटी चालते. थोरला बरोबर म्हणतो, कुत्रं दारात शोभतं, मांडीवर नाही.

धाकटी ऐकून घ्यायची. कारण म्हातारीचा उजवा तळवा जांभळा होता.

ते म्हातारीला माहीत नव्हतं. दुपारी सगळे आत गेले की काळा पाहुणा तिच्या खाटेशी येऊन बसे, आणि तिचा हात आपोआप खाली जाई. हात धुतला तरी त्या औषधाचा रंग निघत नाही. म्हातारी जांभळा हात हवेत नाचवत कुत्र्यांना शिव्या देई, आणि रोपं न्यायला आलेली माणसं गालातल्या गालात हसत ऐकत. तिला कुणी सांगितलं नाही. धाकटीनंही नाही. पण तिला एक भीती होती. त्या हाताला मानेवरचे नवे केस लागले असणार. आंधळ्या माणसाची बोटं डोळ्यांपेक्षा जास्त बघतात. जखम भरल्याचं म्हातारीला कळलंच असणार, आणि ती पुन्हा थोरल्याकडे राहायला जाणार होती.

त्या आठवड्यात दोन दिवस पाणीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी थोरला स्वतः आला.

फटफटी बाहेर लावून तो शेडमध्ये शिरला. आधी वर जाळीकडे बघितलं, मग ट्रेंकडे. माना टाकलेली रोपं त्याला दिसली आणि त्यानं नजर काढून घेतली. त्याच्या हातात नवा पट्टा होता, चामड्याचा, रुंद, आतून मऊ कापड शिवलेला. तेलाचा वास येत होता. चांभाराकडे समोर बसून करून घेतला म्हणाला. आता कुत्रा सैल बांधीन, रोज हात घालून बघीन, माझी चूक झाली ती झाली.

धाकटीला तो शिव्या देत आला असता तर बरं वाटलं असतं.

नवरा झारी धरून तसाच उभा राहिला. म्हातारी खाटेवर मान वाकडी करून ऐकत होती. काळा पाहुणा तिच्या पायाशी बसला होता. थोरल्यानं चुटकी वाजवली. कुत्रा उठला आणि शेपूट हलवत त्याच्याकडे गेला.

थोरल्याचा चेहरा एकदम सैलावला. “बघ. मालकाला विसरला नाही.”

तो खाली उकिडवा बसला, पट्टा उघडला. आणि कुत्र्यानं कुणी न सांगता हनुवटी वर केली. मान पुढे काढून, डोळे मिटून घेऊन तो उभा राहिला. शेपूट अजून हलत होती. धाकटी शेपटीकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती. कुत्र्याच्या मागच्या पायांत तापलेल्या मातीवर एक काळपट डाग पडला होता, आणि तो कडेनं पसरत चालला होता.

थोरल्याला तो दिसला नाही. तो मान बघत होता. पहिल्यांदाच इतक्या जवळून. “ओली आहे म्हणतेस,” तो म्हणाला, “मला तर नुसता रंग दिसतोय.”

“हात लावू नका,” धाकटी म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला.

“मग तू सांग. हो किंवा नाही. मी काय परका आहे? कुत्रा माझा, पाणी माझं, भाऊ माझा. मी कधी हिशेब काढला का?” तो ओरडत नव्हता. त्यामुळेच शेडमधलं सगळं थांबलं होतं. “सुकली असेल तर नेतो. आजच चाक फिरवतो. ओली असेल तर ओली म्हण, मी जातो. पण कुत्र्यावाचून मोटारही राखायची आणि पाणीही सोडायचं, मी एकटा किती ठिकाणी पुरणार?”

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात, दे, असं होतं. आणि त्यात लाजही होती. ती दोन्ही तिला दिसली. तोंडात तोच शब्द तयार होता, जिभेला सवयीचा झालेला. एकदा म्हटला की थोरला जाईल, पाणी येणार नाही, पण कुत्रा आज राहील. उद्याचं उद्या.

तेवढ्यात म्हातारी बोलली.

“ओलीच आहे.”

थोरला वळला. “आई, तुला काय दिसतंय?”

“दिसत नाही म्हणून तर हात लावून बघते. रोज बघते. ओली आहे, पू येतो. नेऊ नको.” तिनं पुरावा म्हणून उजवा हात पुढे केला. जांभळा तळवा उन्हात उघडा पडला, बोटांच्या पेरांपर्यंत रंगलेला, आणि कडेला दोन पांढरे केस चिकटलेले. म्हातारीला ते दिसत नव्हतं. थोरल्याला दिसत होतं. त्यानं आईचा हात बघितला, कुत्र्याची मान बघितली, पुन्हा हात बघितला. त्याच्या कपाळावरची शीर वर आली. आयुष्यात ही बाई त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. त्याची उणी सांगत फिरली असेल, पण तोंडावर खोटं कधी नाही.

“आई,” तो हळू म्हणाला, “शपथ घालू?”

म्हातारीनं हात मागे घेतला नाही. कुत्रा अजून हनुवटी वर करून उभा होता. मातीवरचा डाग कडेनं सुकायला लागला होता.

धाकटी पुढे झाली. तिनं सासूचा हात आपल्या हातात घेऊन खाली केला. फळीवरची बाटली तिनं उचलली नाही. डोक्यावरचा पदर काढून तो तिथंच पाण्याच्या घागरीत बुचकळला आणि कुत्र्याच्या मानेवरून फिरवला, एकदा, दोनदा, जोर लावून. जांभळं पाणी निथळलं. सगळा रंग निघाला नाही, पण खालचे केस दिसण्यापुरता निघाला. कुत्र्यानं डोळे उघडले.

“आई माझ्यासाठी खोटं बोलतायत, भाऊजी,” ती म्हणाली. “जखम केव्हाच सुकली. पण कुत्रा मी परत देणार नाही.”