दैत्याच्या मानेचं हाड

रविवारी सकाळी बिबवेवाडीतल्या एका मंगल कार्यालयाबाहेर चपलांचा असा खच पडला होता, की आत लग्नच असावं. आत होता एक मणका. परातीएवढा, गळाभर हार घालून पाटावर बसवलेला. शेजारी महिपती महाराज.

"हा भीमाने मारलेल्या दैत्याच्या मानेचा मणका," महाराज माईकवरून सांगत होते. "दैत्य महाखोटारडा. एकेक खोटं बोलला, की मान वीतभर वाढायची. गावंच्या गावं खाल्ली त्याने. आता मेलाय, पण खोटं बोलणारा त्याला अजून बरोबर सापडतो."

पुरावा जागेवरच मिळे. संशयिताने शपथेवर बोलायचं आणि जीभ बाहेर काढायची. महाराज तिच्यावर त्या मणक्याची सुपारीएवढी कपची ठेवत. सुटली तर खरा, चिकटली तर खोटा. लोक हात जोडून बघत होते.

मला महाराजांचा हेवा वाटला, लपवायचं कशाला? मी निवृत्त प्राध्यापक, विषय भूशास्त्र. डायनासोर शिकवताना निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघायचा. निवृत्तीनंतर फुकट व्याख्यानं ठेवली, तर माणसांपेक्षा सतरंज्या जास्त. इथे मात्र उन्हात रांग. वर मणका अस्सल, डायनासोरचा. असला एक नमुना कॉलेजला मिळावा म्हणून मी जन्मभर झुरलो, आणि तो या गृहस्थाच्या पाटावर.

मग रांगेत आमच्या शेजारी राहणारं जोडपं, आमोद आणि सुरुची, दिसलं आणि माझा हेवा पोरकट वाटू लागला. आमोदचा मत्सर घर जाळणारा होता. दोघं नोकरीला हिंजवडीत, वेगवेगळ्या कंपन्यांत. तिच्या बसमध्ये सलिल नावाचा सहकारी असतो, एवढंच आमोदला पुरलं होतं. ती किती उशिरा आली आणि का, हे तो मला विचारायचा. तिच्या डब्यात एकदा दोन चमचे निघाले, तर आठवडाभर अबोला. आज त्याने सरळ अट घातली होती: कपची चिकटली, की सुरुचीने माहेरी जायचं.

तिच्या आधी कार्यालयाच्या मालकांचा नंबर लागला. महाराजांनी कपची तीर्थात बुडवून त्यांच्या जिभेवर ठेवली. लगेच सुटली. मग तीच कपची शेगडीवर चांगली तापवली, फुंकून निववली आणि सुरुचीसमोर धरली.

"सलिलचं आणि माझं काही नाही," ती म्हणाली आणि तिने जीभ पुढे केली. कपची चिकटली. सभागृहात कुजबुज झाली. आमोदच्या चेहऱ्यावर दुःखाआधी समाधान उमटलं. ते पाहून मला खरोखर भीती वाटली.

मी उठलो आणि म्हणालो, "महाराज, आता नवऱ्यालाही लावा."

महाराजांनी शास्त्राधार काढून नकार दिला. पण पुणेकराला चमत्कारापेक्षा वाद प्रिय. लोकांनीच मला पुढे ढकललं. मी कपची धुतली, शेगडीवर कोरडी केली आणि आमोदला स्वतःचं नाव सांगायला लावलं. त्याने सांगितलं. कपची जिभेला घट्ट चिकटली. मग मी ती तीर्थात भिजवली, "मी पंचविशीतला तरुण आहे" असं शपथेवर सांगितलं आणि स्वतःच्या जिभेवर ठेवली. घरंगळून खाली पडली. हशा पिकला.

मग आयुष्यात प्रथमच मला भरलेला वर्ग मिळाला. हाड अश्मीभूत झालं तरी त्यात बारीक छिद्रं राहतात, ती जिभेची ओल शोषतात, म्हणून कपची चिकटते. आधीच भिजली असेल, तर शोषायला जागाच उरत नाही. दगड की हाड, हे ठरवायला आम्ही भूशास्त्रवाले रानात जीभच लावून बघतो. मणक्यातल्या पोकळ्या दाखवल्या: यांत हवा असायची, म्हणून तर एवढी लांब मान उचलली जायची. डोकं लहानसं, दाढा नाहीत, पाला ओरबाडायचा आणि न चावता गिळायचा. एका जागी उभं राहून मान फिरवली, की आसपासची झाडं साफ. लाखो पिढ्यांत मान वाढत गेली ती याच सोयीने. गावं खाणं सोडा, नारळाएवढ्या अंड्यातून निघणाऱ्या या प्राण्याने आयुष्यात पाल्याशिवाय काही खाल्लं नाही.

एव्हाना महाराजांनी काढता पाय घेतला होता. आमोद ओशाळून सुरुचीला म्हणाला, "चल घरी. सिद्ध झालं ना, ते हाड खोटं होतं."

"हाड खरंच होतं," ती म्हणाली. "आणि सिद्ध काहीच झालं नाही. उशीर का होतो, हे तू सरांना विचारलंस, हाडाला विचारलंस. मला कधी विचारलंस?"

त्याने तिथेच विचारलं.

"बस वेळेवर येते. मी स्टॉपवर बसून राहते. घरी यायला पाय उचलत नाहीत."

 

वाचकहो, शंका घ्यायला आम्ही शिकवतो, जरूर घ्या. पण शंका प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबते. संशय उत्तर ठरवून मगच प्रश्न शोधतो. महाराजांचं दुकान त्या संशयावर चालतं. माणसाबद्दल काही जाणून घ्यायचं असेल, तर त्या माणसालाच विचारा, आणि तो सांगेल ते ऐकायची तयारी ठेवा.