अर्धं पाकीट

मी उंची मोजायची फळी बोलतेय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका, डोकं तापलंय माझं.

सुताराने मला घासूनपुसून गुळगुळीत केलं, अंगावर सेंटिमीटरच्या रेघा मारल्या आणि विद्यापीठाच्या गाडीत टाकलं. गरिबी कशी हटेल, यावर तिथले एक प्राध्यापक संशोधन करत होते. वस्तीतल्या निम्म्या घरांतल्या मुलांना पौष्टिक पिठाची पाकिटं द्यायची, उरलेल्यांना काहीच नाही, आणि दर तीन महिन्यांनी सगळ्यांची उंची मोजायची, असा बेत. पाकीट कुणाला, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं.

चिमीची चिठ्ठी निघाली नाही. अडीच वर्षांची, काडीसारखी पोर. मोजणीवाली ताई तिला माझ्यावर उभी करायची, तेव्हा तिचा भारही मला जाणवायचा नाही. पहिल्या दोन खेपांना आकडा जागचा हलला नाही. तिसऱ्या खेपेला मात्र ती दीड सेंटिमीटर वाढली होती. मला कोण आनंद झाला. ताईने त्या रेघेशी पेन्सिलीने बारीक खूण केली.

"काय खायला घालताय हिला?" ताईने विचारलं.

"शेजारच्या काकू देतात," चिमीची आई म्हणाली. "त्यांच्या नातवाचं पाकीट येतं ना, त्यातलं अर्धं."

ताईने भाबडेपणाने हे वर कळवलं. प्राध्यापक स्वतः आले. मला वाटलं, काकूंच्या पाया पडतील.

"काकू, हे वाटणं बंद करा. आमची तुलना बिघडते."

"अहो, पोर दारात येऊन उभी राहते. तिच्यासमोर भांडं झाकून ठेवू का?"

"मग तुमचंही पाकीट थांबवावं लागेल."

काकूंनी नातवाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून त्या दार लावून त्याला भरवू लागल्या. त्यानंतर दोनदा चिमी माझ्यावर उभी राहिली. खुणेच्या वर काही गेली नाही.

पुढे प्राध्यापकांचा शोधनिबंध छापून आला, सत्कार झाला. निष्कर्ष काय, तर पोषक खाणं मिळालं की मुलं वाढतात. अरे, हे काकूंना आधीच ठाऊक होतं! तुम्ही त्यांचा हात धरून ठेवलात.

पाकिटं आता सगळ्यांचीच बंद झालीत. मी विद्यापीठाच्या अडगळीत कपाटामागे पडून आहे. नवा अभ्यास निघतोय म्हणे, काल कुणी माझ्यावरची धूळ झटकून गेलं. न्या मला. पण आधी चिमीच्या घरी न्या, आणि रिकाम्या हातांनी जाऊ नका.