जिन्यावरचा स्कोअर

आमच्या बाबांना नव्या यंत्रांचं भारी वेड. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींमध्ये तेलाने हात काळे करायचे, आणि आमच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट मात्र मी पहिलीत असल्यापासून बंद पडलेली. तिचा कुठलासा भाग बनवणंच कंपनीने सोडून दिलं होतं, त्यात बाबांचा काय दोष? पण शेजारीपाजारी कसले ऐकतात! "दिव्याखाली अंधार," म्हणायचे आणि धापा टाकत जिना चढायचे. बाबा हसण्यावारी न्यायचे.

दर वर्षी वर्षाअखेरच्या सुट्ट्या लागल्या की ते घरात एक नवी वस्तू आणत. एकदा बोलणारं घड्याळ आणलं, ते पहाटे पाचलाच बोलायला लागलं. एकदा कागदावर हिशोब छापणारा कॅल्क्युलेटर आणला, त्याच्या कागदाच्या पट्ट्या आम्ही झालरी म्हणून खिडकीला लावल्या. मी दहा वर्षांची होते त्या वर्षी आईने स्पष्ट बजावलं होतं, "यंदा मला इस्त्री हवी. जुनीने तुमचा चांगला शर्ट जाळलाय. दुसरं काही आणलंत तर मी ते तुमच्या डोक्यावर ठेवीन."

बाबांनी ठोकळ्यांचा गेम आणला.

तळहातापेक्षा थोडा मोठा, करड्या रंगाचा, खाली पिवळी बटणं. पडद्यावर वरून चौकोनांचे तुकडे पडायचे. ते फिरवून, सरकवून रांग भरायची. भरली की रांग गायब. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ.

"नऊ हजार खेळ," आई म्हणाली, "आणि त्यातल्या एकालाही शर्टाची सुरकुती काढता येत नाही!"

"अगं, हौसेला मोल नसतं," बाबा म्हणाले.

आई दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. माझ्या भावाने, म्हणजे दादाने, तो गेम ताब्यात घेतला. तो चौदा वर्षांचा होता आणि नऊ हजार खेळांपैकी खरे आठच आहेत, बाकीचे तेच फक्त जास्त वेगाने चालतात, हा शोध त्याने पहिल्याच दिवशी लावला. मला तो जेवताना मिळायचा, कारण तेव्हा दादाचे दोन्ही हात गुंतलेले असायचे.

तिसऱ्या दिवशी आई दुधापाशी उभी होती. दूध तापायला वेळ होता. कट्ट्यावर गेम पडलेला होता. तिने तो सहज उचलला.

आई औषधांच्या गोदामात माल भरायची. वेगवेगळ्या आकाराच्या बाटल्या, डब्या, पाकिटं एका खोक्यात अशी बसवायची की खोकं हलवलं तरी आत आवाज येऊ नये. सतरा वर्षं तिने हेच केलं होतं. घरातही कपाटात रिकामी फट दिसली की तिचे हात शिवशिवायचे. आम्हाला हे ठाऊक होतं, पण त्याचा आणि खेळाचा काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दूध उतू गेलं. आमच्या जन्मात पहिल्यांदा आईच्या हातून दूध उतू गेलं. जळका वास आला म्हणून आम्ही धावलो, तर आई पडद्याकडे डोळे लावून म्हणाली, "गॅस बंद करा कुणीतरी. मला आत्ता हलता येत नाही."

दादाचा सर्वांत मोठा स्कोअर होता नऊ हजार. आईने त्या दिवशी अकरा केला. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आठवड्याभरात ती अठरा हजार चारशेवर पोचली. बाबांची छाती फुगली. इस्त्रीचं पाप फिटलं असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'ठोकळ्यांचा खेळ, तिसरा मजला, १८४००', आणि तो कागद तळमजल्यावर बंद लिफ्टच्या दारावर चिकटवला. येणारा-जाणारा तिथूनच जिन्याला लागायचा, त्यामुळे दोन दिवसांत सगळ्या इमारतीला कळलं.

"अहो, काय हा पोरकटपणा! काढा तो," आई म्हणाली. पण स्वतः काढायला काही गेली नाही.

मग एका संध्याकाळी शाळेची वही आणायला मी खाली गेले, तर कागदाच्या खाली, थेट लिफ्टच्या दारावर, निळ्या खडूने लिहिलेलं होतं, 'दुसरा मजला, १९२००'.

असा निळा चपटा खडू इमारतीत एकाच घरात होता. दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. उंच, सडपातळ, गळ्यात कायम मोजायची टेप. त्यांचं आणि आईचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. झालं होतं असं की आमच्या दोरीवरच्या ओल्या कपड्यांचं पाणी खाली त्यांच्या गॅलरीत गळलं आणि गिऱ्हाइकाचा तयार कोट भिजला. काकू वर येऊन बोलल्या, आई म्हणाली आमच्या दोरीवर कपडेच नव्हते, आणि शब्दाने शब्द वाढला. भांडण पाण्यावरून झालं आणि तेव्हापासून दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या.

मी वर येऊन सांगितलं. आईने हातातलं काम ठेवलं, खाली गेली, आकडा वाचला आणि वर आली.

"खोटं आहे. तिच्याकडे गेम तरी आहे का?"

"त्यांच्या भाचीचा आहे," दादा म्हणाला. "भाची सुट्टीला आलीये."

"मग भाचीने केला असेल."

बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "समोर बसून खेळा की. साक्षीदारांपुढे. माझी ना नाही."

आईने मलाच निरोप्या केलं. मी दुसऱ्या मजल्यावर गेले. काकू मशिनवर होत्या. त्यांनी पाय न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वहिनींना सांग, रविवारी दुपारी. तुमच्या घरात नको, माझ्याही नको. मधल्या जिन्यावर."

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायऱ्यांवर त्या रविवारी निम्मी इमारत जमली. कुणी उशी आणली, कुणी शेंगदाणे आणले. एकच गेम, आमचा, कारण भाचीच्या गेमची बटणं अडकतात असं आई म्हणाली होती. आधी आई खेळली. ती खेळताना ओठ घट्ट मिटायची आणि तुकडा जागेवर बसला की हलकेच मान डोलवायची. सतरा हजार नऊशे. थोडा कमीच, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग काकू बसल्या. त्यांनी टेप गळ्यातून काढून बाजूला ठेवली. मी अगदी शेजारी होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या कापड बेततात तशाच खेळत होत्या. आधी सगळ्या पटावर नजर, मग हात. एक कोपरासुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही. पंधरा हजार झाले, सोळा झाले, आणि पडदा फिका फिका होत गेला नि विझला.

बॅटऱ्या संपल्या होत्या.

काकूंनी गेम पायरीवर ठेवला. "जाऊ दे. तुम्हीच जिंकलात, वहिनी," म्हणाल्या आणि टेप उचलली.

आई उठली. मला वाटलं, आता ही हसणार. पण ती म्हणाली, "असं कसं? अर्ध्यावर कात्री ठेवून कुणी उठतं का? बसा खाली."

ती दोन-दोन पायऱ्या चढत घरी गेली आणि बाबांच्या लाडक्या रेडिओच्या बॅटऱ्या काढून घेऊन आली. त्यावर सामना ऐकायला म्हणून बाबा नुकतेच वर सटकले होते, तेही मागोमाग आले, हातात मुका रेडिओ घेऊन. काकूंनी पहिल्यापासून डाव मांडला. या वेळी त्या वीस हजार सहाशेवर थांबल्या.

आई हरली. मी रडकुंडीला आले होते. आई मात्र पायरीवर काकूंच्या शेजारी बसली आणि विचारलं, "तो उभा लांब तुकडा येईपर्यंत तुम्ही कड मोकळी ठेवता. मध्येच भरून टाकावंसं वाटत नाही?"

"वाटतं की. पण हात आवरायचा."

"माझा आवरत नाही."

"दिसलं ते," काकू म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

लोक पांगले तरी त्या तिथेच बसून होत्या. बऱ्याच वेळाने आईचा आवाज वर आला, "ते पाणी आमचंच होतं हो. चादर होती."

"मला माहितीये. निळी," काकू म्हणाल्या. "रंग उतरला होता ना कोटावर."

त्या सुट्ट्या संपल्या, नंतरच्याही कितीतरी आल्या-गेल्या. काकूंच्या तोंडी आई 'वहिनी'ची 'अगं' झाली. बाबा गेले. दादा लांबच्या शहरात स्थिरावला. मी दुसऱ्या भागात राहायला गेले आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानात लागले. आता वर्षाअखेर आली की 'तंत्रवेड्यांसाठी भेटवस्तू' अशी पाटी मीच रंगवते आणि खाली टेबल मांडते. आवाज बंद करणारे हेडफोन, पावलं मोजणारी घड्याळं, हुकूम ऐकणारे दिवे. बाबा असते तर त्यांना त्या टेबलापासून ओढून काढावं लागलं असतं.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर आई स्वयंपाकघरात घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी ताठ झाली होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मऊ चेंडू दिला. आईने तो दोनदा दाबला आणि खिडकीत ठेवून दिला. "चेंडू दाबून काय होतं? ना तो जिंकतो, ना मी."

सुट्ट्या जवळ आल्या तसा दादाचा फोन आला. "तिला घड्याळ दे. तब्येतीवर लक्ष ठेवतं." मी घड्याळ दिलं. ते दर तासाला 'उठा, चाला' म्हणायचं. आईने ते काढून ठेवलं. "आयुष्यभर मी सगळ्यांना उठवलं. आता हे मला उठवणार?"

मग मी टॅबलेट आणला आणि त्यात ठोकळ्यांचा खेळ घालून दिला. आई हरखली, पण पाचच मिनिटं. तिच्या कोरड्या बोटाला पडदा दाद देईना. शिवाय दर डावाला जाहिरात यायची. आई चष्मा सावरून ती शेवटपर्यंत वाचायची आणि विचारायची, "हे कर्ज हवंय का विचारतायत. काय सांगू?"

दुकानात आमच्याकडे दुरुस्तीचा कोपरा आहे. तिथे एक अबोल बाई बसते, कपाळावर भिंग लावून. आम्ही तिला डॉक्टरीण म्हणतो. जेवणाच्या सुट्टीत मी तिला हे सगळं हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "बोट किती वाकतं? मोजून आण."

मी मोजून नेलं. चार दिवसांनी तिने माझ्यापुढे बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. झाकणावर रुपयाच्या नाण्याच्या दुप्पट मोठी चार बटणं, दोन लाल, दोन हिरवी. आत ठोकळ्यांचाच खेळ बसवलेला. मागून एक वायर, ती टीव्हीला जोडायची. बटण दाबलं की खटकन आवाज यायचा. "दाबायला मुद्दाम थोडं जड ठेवलंय," ती म्हणाली. "व्यायाम होईल." किती झाले विचारलं तर भिंग खाली ओढून कामाला लागली.

सुट्टीच्या पहिल्या दुपारी मी डबा जोडून दिला. काकू आलेल्याच होत्या. त्या रोजच यायच्या, कठड्याला धरून एक मजला चढत. त्यांची नजर आता फार अधू झाली होती. मशिन कधीच विकलं होतं, भिंतीवरचं कॅलेंडर त्यांना नुसता पांढरा चौकोन दिसायचं.

आईने हिरवं बटण दाबलं. बोट वळेपर्यंत तुकडा खाली जाऊन बसला. दुसरा बसला. तिसरा आडवातिडवा. डाव एका मिनिटात संपला. आईने पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने हात मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मला डबा आणल्याचा पस्तावा झाला.

"काय झालं?" काकूंनी विचारलं. "आवाज का थांबला?"

"होत नाही गं. दिसतंय सगळं, पण हात पोचत नाही."

काकूंनी चाचपडत डबा स्वतःच्या मांडीवर ओढला. बोटांनी चारही बटणं तपासली. "यातलं फिरवायचं कुठलं? बरं. हे डावं, हे उजवं. तू बोल. मी दाबते."

"तुला दिसत नाही."

"म्हणून तर तू बोल!"

पहिले दोन डाव नुसता गोंधळ. आई म्हणायची "डावीकडे", तोवर काकू उजवीकडे गेलेल्या. "माझं डावं की तुझं डावं?" "दोघींचं एकच आहे गं बाई!" मी दारात उभी राहून हसू दाबत होते. तिसऱ्या डावात त्यांची लय लागली. आईचे शब्द आखूड होत गेले. "फिरव. डावं. डावं. सोड." खट, खट, खट. कड मोकळी ठेवली होती. उभा लांब तुकडा आला तेव्हा आई ओरडलीच, "आला! उजवं, पार टोकाला!" आणि चार रांगा एकदम गेल्या. काकूंना ते दिसलं नाही. आईने त्यांच्या खांद्यावर थाप मारली, त्यावरून कळलं.

स्कोअर झाला सहा हजार. त्या वयात, दोघींत मिळून. मी दादाला फोटो पाठवला.

सुट्ट्या संपल्यावरही डबा जोडलेलाच राहिला. सकाळी आई एकटी बसून जड बटणं दाबायची, वीस वेळा, तीस वेळा, खेळ न लावता. व्यायामवाल्या बाई खूश झाल्या. थंडी सरेपर्यंत बोटं बरीच वळायला लागली. एका रविवारी मी सकाळी लवकर पोचले, तर आई आरशापुढे स्वेटरची बटणं स्वतः लावत होती, उजव्या हाताने, वरपासून खालपर्यंत.

"अगं, मग आता तू स्वतः खेळू शकतेस," मी म्हणाले.

"शकते की. परवा खेळून पाहिलं. नऊ हजार झाले."

दुपारी काकू आल्या. बसल्या बसल्या विचारलं, "हात कसाय आज?"

"ठणकतोय गं," आई म्हणाली आणि डबा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. टीव्हीकडे तोंड करून म्हणाली, "लाव. पहिला चौकोन आहे. उजवं."