सूट मिळालेली मोटार

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, हे वाक्य दिसायला सोपे आहे, पण ते तुमच्यासमोर बोलायचे की नाही यावर मी बराच विचार केला. माझा पत्रा जुना, काचा जुन्या, दिवे जुने. पण मधली बरीच वर्षे माझ्या पोटातले इंजिन मात्र तरुण होते. मग मी जुनी की नवी? नोंदणी कार्यालयाने आधी मला ‘ही कसली जुनी?’ म्हणून परत पाठवले, आणि पुढे त्याच कार्यालयाने ‘वा, काय जुनी गाडी आहे!’ म्हणून मला डोक्यावर घेतले. मधल्या काळात माझ्यात काय बदलले म्हणाल, तर मी आधीपेक्षा जास्त धूर सोडू लागले होते. बघा, तुमचाही गोंधळ झाला ना? म्हणून पहिल्यापासून सांगते.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथले फारसे काही आठवत नाही. ताज्या रंगाचा वास आठवतो, आणि माझे दार नीट लागते का ते पाहायला एका कामगाराने ते धाडकन आपटले होते, ते आठवते. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. तिथून मी दुकानाच्या काचेआड गेले आणि एके दिवशी बाईंनी मला घरी आणले.

बाई म्हणजे माझ्या मालकीणबाई. त्या सुईण होत्या. कुणाच्याही घरी बाळंतपणाची वेळ आली की बाईंना बोलावणे येई. त्या पिशवी मागच्या सीटवर टाकत, एका हाताने केस सारखे करत आणि किल्ली फिरवत. मी सुरू व्हायला कुरकुर केली तर म्हणत, “चल बये, तिकडे बाळ काही तुझ्यासाठी थांबणार नाही.” मग माझी काय बिशाद! ज्यांची इस्पितळातून घरी जायची सोय नसे, त्या आई-बाळाला बाई माझ्यातूनच सोडून येत. किती बाळे माझ्यात बसली याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. कुणी रडून गाडी डोक्यावर घेई, कुणी सगळा रस्ता झोपून काढी. बाईंची स्वतःची लेक माझ्यातून घरी आली आणि पुढे त्या लेकीची लेकही. रस्त्यातले लोक मला पाहून बाजूला होत, हात करत. त्या दिवसांत मला गोंधळ म्हणजे काय ते ठाऊकच नव्हते.

बाईंची एक सवय होती. बाळ आत घेण्याआधी त्या माझ्या मागे जाऊन वाकत आणि धुराच्या नळीसमोर आपला पांढरा रुमाल धरत. थोडा वेळ धरून तो उलटसुलट करून पाहत. रुमाल पांढरा निघाला की बाळ आत. नव्याने बाप झालेली मंडळी घायकुतीला येत आणि म्हणत, बाई, चला ना लवकर. बाई त्यांना सांगत, “याने आत्ता कुठे श्वास घ्यायला सुरुवात केलीय. कशाचा घेतोय ते नको बघायला?”

एके वर्षी रुमालावर राखाडी कडे उमटले. माझे इंजिन झिजून तेल जाळू लागले होते. बाईंनी ताबडतोब मिस्त्रीला गाठले. मिस्त्रीचे दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. हा माणूस एरवी गप्प असतो, आणि बोललाच तर तक्रारच करतो. त्याने कुरकुरत माझे मूळचे इंजिन काढले आणि एका बऱ्याच नव्या गाडीचे स्वच्छ इंजिन मला बसवले. जुने इंजिन फेकायला बाईंचे मन होईना. ते आमच्या गॅरेजच्या कोपऱ्यात पोत्याखाली राहिले. सुरुवातीला मला पोटात पाहुणा येऊन राहावा तसे अवघडल्यासारखे झाले, पण मग सवय झाली. रुमाल पुन्हा पांढरा निघू लागला.

पुढे बाईंचे गुडघे बोलू लागले. काम सुटले, आणि त्यांच्याबरोबर मीही घरी बसले. माझ्यावर ताडपत्री आली. ताडपत्रीवर रिकामे डबे, मोडकी खुर्ची, कुणाची तरी सायकल असे एकेक येत गेले. माझ्या नोंदणीची मुदत कधी संपली ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

मग एके दिवशी बाईंची नात आली. तिचे दिवस भरत आले होते. तिने ताडपत्रीचे टोक उचलून मला पाहिले आणि म्हणाली, “आजी, मला हिच्यातूनच घरी आणलं होतंस ना? माझ्या बाळालाही हिच्यातूनच आण.” बाई चटकन हो म्हणाल्या. तेव्हा त्यांचा हात माझ्या बॉनेटवर होता. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला पुन्हा बाळ मिळणार होते. मी आनंदाने वेडी झाले, आणि माझ्या गोंधळालाही तिथूनच सुरुवात झाली.

नोंदणीचे काम बाईंच्या भाच्याने अंगावर घेतले. पन्नाशीच्या या गृहस्थाला घरात सगळे लगेचराव म्हणतात. काहीही सांगा, तो ‘लगेच करतो’ म्हणतो आणि खरोखरच लगेच करतो. विचार करायचा मात्र राहून जातो. मिस्त्रीने मला झटकून पुसून चालती केली आणि लगेचराव बाईंसह मला नोंदणी कार्यालयात घेऊन गेला.

कार्यालयाच्या अंगणात पत्र्याची एक शेड होती. तिथे गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक गाडीच्या नळीत एक लांब काठी खुपसायची आणि यंत्राच्या पडद्यावर धूर मोजायचा. माझ्या पुढची गाडी अगदी पोरसवदा होती, तरी नापास झाली. मला धास्ती वाटत होती आणि थोडा अभिमानही. माझ्या पोटात तर स्वच्छ इंजिन होते. पण आमची पाळी आली तेव्हा तपासणी साहेबांनी काठी बाजूला ठेवली आणि बॉनेट उघडायला सांगितले. साहेब माणूस भला होता. त्यांनी समजावून सांगितले, की माझ्या वयाच्या साध्या गाडीची नोंदणी आता होत नाही, ती थेट भंगारात जाते. फक्त क्लासिक म्हणून जपलेल्या गाडीची होते, आणि अशा गाडीला धुराची तपासणी माफ असते. पण क्लासिक व्हायचे तर इंजिन मूळचेच हवे. माझे तर दुसरेच.

बाई म्हणाल्या, “पण हे इंजिन चांगलं आहे म्हणून तर बसवलं. तुमची ती काठी घालून बघा ना, धूर येतच नाही.”

“मावशी, धूर किती येतो हा प्रश्नच नाही,” साहेब म्हणाले. “जुन्या गाडीला आम्ही तो विचारतच नाही.”

मला काही उमगेना. सगळ्या वर्गाची परीक्षा, आणि माझ्याबाबतीत मात्र उत्तर बरोबर आले म्हणून नापास. परतीच्या वाटेवर लगेचराव तेवढा खुशीत होता, कारण त्याला पोत्याखालचे इंजिन आठवले होते.

मिस्त्रीने ते इंजिन पाहून तोंड वाकडे केले. याचे सुटे भाग आता कुणी बनवत नाही, हे तेल पिणार आणि धूर ओकणार, असे त्याने सांगितले. लगेचराव म्हणाला, “ओकू दे ना. विचारणार कोण?” मिस्त्रीने बाईंकडे पाहिले. बाईंनी नातीला शब्द दिला होता. मी भंगारात गेले तर तो शब्दही माझ्याबरोबर जाणार होता. त्या दाराकडे वळल्या आणि म्हणाल्या, बसव. एवढे बोलून आत निघून गेल्या. माझ्यातले स्वच्छ इंजिन पोत्याखाली गेले आणि पोत्याखालचे माझ्यात आले. ते माझेच होते, पण मला ओळखीचे वाटेना. मी सुरू झाले की गॅरेज निळ्या धुराने भरे आणि मिस्त्री खोकत बाहेर पळे. बाईंनी मात्र रुमाल काढला नाही. मला वाटले, इतक्या वर्षांत विसरल्या असतील.

दुसऱ्या खेपेला साहेबांनी बॉनेट उघडले, इंजिनावरचा आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. शेडमधली माणसे गोळा झाली. कुणी माझा फोटो काढला, कुणी स्टिअरिंगवरून हात फिरवला. साहेबांनी एवढेच बजावले, की गाडी रोजच्या कामाला लावायची नाही, क्वचित हौसेने फिरवायची. बाळाला घरी आणणे कामात धरायचे की हौसेत, असे लगेचरावाने विचारले. साहेब जरा विचारात पडले आणि म्हणाले, हौसेत धरू. नवी पाटी लागली. मी धूर सोडत फाटकाबाहेर पडले आणि रांगेतल्या पोरसवदा गाड्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला माफी मिळाली होती, पण कशाची, ते कुणी सांगितले नव्हते.

आणि तो दिवस आला. इस्पितळाच्या पोर्चमध्ये लगेचरावाने मला चालू ठेवून उभे केले. मागच्या सीटवर धुतलेली चादर अंथरली होती. नात बाळाला दुपट्यात गुंडाळून हळूहळू पायऱ्या उतरली. मुलगी होती. तिची चिमुकली मूठ दुपट्याबाहेर आली होती. मित्रांनो, मला थरथर सुटली. अर्थात ती मला त्या इंजिनामुळे नेहमीच सुटत असे.

लगेचरावाने दार उघडले. बाई मात्र दाराकडे आल्या नाहीत. त्या गुडघा धरून माझ्या मागे गेल्या, पर्स उघडली आणि पांढरा रुमाल काढला. म्हणजे त्या विसरल्या नव्हत्या. इतके दिवस त्यांची हिंमतच झाली नव्हती.

मी धूर कोंडून धरायचा खूप प्रयत्न केला. मोटारीला ते जमत नाही. बाईंनी रुमाल पाहिला. त्यावर मोठा काळा डाग पडला होता. त्यांनी तो घडी करून मुठीत धरला आणि लगेचरावाला सांगितले, “टॅक्सी बोलाव.”

नात म्हणाली, “आजी, हिला तर पास केलंय ना त्यांनी?”

“पास नाही गं केलं. त्यांनी हिला विचारलंच नाही. मी आत्ता विचारलं.”

मला इतके वाईट वाटले, की तिथल्या तिथे बंद पडावेसे वाटले. टॅक्सी आली. नात आणि बाळ तिच्यात बसले. नातजावयाने बाईंसाठी पुढचे दार उघडून धरले, पण बाई वळल्या आणि माझ्याकडे आल्या. लगेचराव म्हणाला, मावशी, तुम्ही तरी टॅक्सीने जा, हिच्यात तुम्हालाही त्रास होईल. बाई चादर सारून मागच्या सीटवर बसल्या, जिथे बाळ बसणार होते तिथेच.

“माझी फुप्फुसं जुनी आहेत,” त्या म्हणाल्या. “त्यांना सूट आहे.” मग लगेचरावाला म्हणाल्या, “पुढे नको जाऊस. टॅक्सीच्या मागेच राहा, बरंच अंतर ठेवून.”

तर अशी मी त्या बाळाला घरी घेऊन आले, म्हणजे आले नाही, म्हणजे त्याच्या मागून आले. याला काय म्हणायचे ते मला अजून ठरवता येत नाही. वाटेत बाई खोकल्या, तेव्हा त्यांनी तोंडावर पदर धरला. रुमाल त्यांनी माझ्या पुढच्या खणात ठेवून दिला होता. तो अजून तिथेच आहे. मिस्त्री तक्रार करत करत माझ्या इंजिनाचे झिजलेले भाग हाताने घडवता येतात का ते पाहतो आहे. जमेल की नाही, तो सांगत नाही. बाई अधूनमधून येऊन विचारून जातात.

मित्रांनो, कारखान्यात माझे दार आपटणाऱ्या त्या कामगाराचा राग आता माझ्या मनात नाही. तुमच्याही घरात कुणी जुने असेल, वस्तू असो वा माणूस. त्याचे फोटो काढा, त्याला मिरवा, पण ‘आता जुने झाले, याला काय विचारायचे’ असे म्हणून त्याला सोडून देऊ नका. जवळ जा, वाका आणि विचारा. उत्तर काळे निघाले तरी चालेल. त्या दिवशी बाईंनी मला नापास केले आणि मग माझ्यातच येऊन बसल्या. माझ्या साऱ्या गोंधळात तेवढी एक गोष्ट मला नीट कळली आहे.